मुलाबाळांसह रानात मुक्काम : तिथे जे जाणवतं त्याबद्दल

रानजाई

नाशिककरांना देवळांची वानवा नाही. पंचवटीत तर पावलापावलावर देऊळ. त्र्यंबक तासाभरावर, वणीचा गड दीड-दोन तासांवर. आमच्या घरीही सगळे सणवार होतात, सासूबाईंचे उपासतापास असतात. तरी गेल्या डिसेंबरात घरच्यांसोबत वैतरणेच्या पाण्याकाठी काढलेल्या एका रात्रीत मनाचं जे झालं, ते दर्शनाच्या रांगेत माझं फार क्वचित झालंय. असं कशाने होतं, आणखी कुणाकुणाचं होतं, हे इथल्या लोकांशी बोलावं म्हणून धागा काढतेय. जरा सविस्तर लिहिते.

माणसं पाच. सासूबाई पासष्टीच्या, नवरा त्रेचाळीसचा, मी सदतीसची, मुलगी साडेअकरा, मुलगा साडेआठ. वयं मुद्दाम सांगतेय, पुढे त्यांचं काम आहे.

त्र्यंबक सोडून पहिन्याच्या रस्त्याला लागलं की ब्रह्मगिरी बराच वेळ सोबत करतो. सासूबाईंनी हात जोडले म्हणून नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि मुलांना सांगायला लागला. या डोंगरावरचा पाऊस दोन वाटांनी जातो. एका उताराचं पाणी गोदावरीतून जवळजवळ दीड हजार किलोमीटर वाहत जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. दुसऱ्या उताराचं वैतरणेतून पश्चिमेला अरबी समुद्रात जातं, आणि तो समुद्र इथून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवरच आहे. जवळचा समुद्र सोडून गोदावरी अख्खं दख्खन ओलांडून पलीकडे जाते.

मुलीला हे खरं वाटेना. रस्त्याकडेला मधे उंचवटा असलेला एक काळा दगड होता, त्यावर तिने बाटलीतलं पाणी अगदी सावकाश ओतलं. धार क्षणभर माथ्यावरच घुटमळली, मग फुटली. एक ओघळ डावीकडे, एक उजवीकडे. तिने बोट आडवं लावून डावा ओघळ उजवीकडे वळवला, बोट काढलं तसा तो परत डावीकडे. सासूबाई म्हणाल्या, "गौतम ऋषींनी गंगा अशीच अडवली होती गं, दर्भ लावून. तेच ते कुशावर्त." मुलगी त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर लहानपणापासून जातेय. पण ती गोष्ट तिच्यापर्यंत त्या दगडापाशी पोचली, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

तंबू एका शेतकरी कुटुंबाच्या खाचरात ठोकला, त्यांना रीतसर विचारून आणि ठरलेले पैसे देऊन. भात काढून झाला होता, धसकटं पायाला टोचत होती. जेवण त्यांच्याच घरी. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, चुलीत भाजलेली मिरची. जेवणं उरकल्यावर सगळे दिवे घालवले. अमावास्या जवळ होती. मुलं आधी घाबरली, दोघंही आजीला चिकटून बसली. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात आणि मधे कुणी मोबाईल उघडला की परत पहिल्यापासून सुरुवात, त्यामुळे सगळ्यांचे मोबाईल गाडीत.

नवऱ्याने प्रत्येकासाठी त्याच्या वयाचा तारा शोधून ठेवला होता. म्हणजे जितकं वय, साधारण तितक्याच प्रकाशवर्षांवरचा. धाकट्याला व्याध, साडेआठ प्रकाशवर्षांवरचा. थोरलीला प्रश्वा, साडेअकरा. स्वतःसाठी ब्रह्महृदय, त्रेचाळीस. सासूबाईंना रोहिणी, पासष्ट. त्याने आईला एवढंच सांगितलं, की आत्ता तुझ्या डोळ्यांत उतरतोय तो उजेड तू जन्मलीस त्या सुमाराला तिथून निघालेला आहे आणि वाटेत कुठेही थांबलेला नाही.

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे माझी आई बाळंतिणीच्या खोलीत होती तेव्हा?"

"हो."

त्या कितीतरी वेळ रोहिणीकडे बघत राहिल्या. मग पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. माझा नवरा इंजिनियर, घरच्या पूजेला कधी बसत नाही. तो आईच्या शेजारी तिचा दंड धरून उभा राहिला. दोघंही बोलले नाहीत, आणि मलाही मधे बोलावंसं वाटलं नाही.

त्यानंतर उताणे पडून उल्का पाहिल्या. डिसेंबरच्या मध्याला मिथुन राशीच्या दिशेने येणारा वर्षाव असतो, नाशिकच्या माणसाला तोच सोयीचा, कारण ऑगस्टमधला आपल्याकडे ढगांत जातो. धाकटा कंटाळून पालथा झाला आणि कपाळाला लावायची विजेरी पेटवून गवतात बघायला लागला. एकदम ओरडला, "आई, खाली पण आहेत!" मी त्याच्या शेजारी पालथी पडले, विजेरी डोळ्यांशी धरली. धसकटांमधून बारीक हिरवट-निळे ठिपके चमकत होते. जवळ गेलो तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक कोळी, लांडगा कोळी म्हणतात तो. एकीच्या पाठीवर तर पिल्लंच पिल्लं बसलेली, तिच्याकडून चमचम एका ठिकाणी दाटून येत होती. तीही आपली लेकरं घेऊन उघड्यावर मुक्कामाला होती.

पहाटे चारला मी एकटी बाहेर आले, कारण माझा तारा उशिरा उगवणार होता. स्वाती, सदतीस प्रकाशवर्षं. पूर्वेला चांगली वर आली होती, तांबूस. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. हा उजेड निघाला त्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं असणार. मी तिथे थंडीत उभी राहून रडले आणि मला फार बरं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच, की त्या रात्री जे मिळालं त्यात आकडेही होते आणि हात जोडणंही होतं, आणि एकाने दुसऱ्याला धक्का लावला नाही. प्रकाशवर्षं माहीत नसती तर सासूबाईंचे हात त्या ताऱ्यापुढे जुळले नसते. मला हे मुलांना द्यायचंय. तुम्हाला घरच्यांसोबत असं कुठे लाभलंय? लिहा.

---

सह्यकडा

वयाच्या ताऱ्यांची कल्पना आता आमच्याकडेही होणार.

आमच्या घरात हे दगडाने झालं. आपले सगळे डोंगर लाव्ह्याचे, हे शाळेत शिकतो आणि विसरतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लोटावर लोट येत गेले, ते थर हरिहर, अंजनेरी, साल्हेर, कुठल्याही कड्यावर आडव्या पट्ट्यांनी दिसतात. पण नीट पाहिलं तर काही ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे तांबड्या मातीचा एक पातळ पट्टा असतो. तो का असतो? तर दोन लोटांच्या मधे खूप मोठा काळ शांत गेला. ऊनपावसाने दगड झिजला, माती झाली. मग पुढचा लोट आला आणि ती माती भाजून, दबून तशीच राहिली.

एका वाटेवर असा पट्टा हाताच्या उंचीवर आला. मुलाला म्हटलं, हात ठेव. इथे सगळं थांबलेलं होतं, पाऊस पडत होता, आणि बघायला माणूस नावाचा प्राणीच नव्हता. त्याने तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पुढे त्या वाटेवर तो गप्प होता, एरवी त्याचं तोंड मिटत नाही. मीही काही समजावत बसलो नाही.

ज्यांना डोंगर चढणं जमत नाही त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहावं. याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक आहेत तिथे. काळ्या कातळाच्या पोटात इतकं पांढरंशुभ्र काही असेल असं बाहेरून वाटतच नाही.

---

गोदाकाठ

ताई, वाचून फार समाधान वाटलं. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

एक आठवण करून देतो. तुम्ही ज्या डोंगराशी गाडी थांबवलीत, तिथेच आपल्या परंपरेतली अशी एक रात्र सांगितली जाते. विठ्ठलपंत, रुक्मिणीबाई आणि चार लेकरं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होती. समाजाने वाळीत टाकलेलं कुटुंब ते. रानात वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. जीव वाचवायला एका गुहेत शिरला, तिथे गहिनीनाथ बसलेले. त्यांनी त्याला अनुग्रह दिला. पुढे तोच निवृत्ती ज्ञानदेवांचा गुरू झाला. मी लहान असताना आजीने ही गोष्ट फेरीच्या वाटेवरच सांगितली होती, त्यामुळे मला ती वाघाच्या भीतीसकट आठवते. घरात बसून ऐकली असती तर भीती वजा झाली असती, आणि मग गुहेतल्या भेटीचं मोल कुठून कळणार?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी फेरीला आता अफाट गर्दी असते. आम्ही घरचे लोक अलीकडे गर्दीचा दिवस टाळून जातो. चिखल तोच, धुकं तेच, ओढ्यांचा आवाज मात्र नीट ऐकू येतो.

आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या पायी येतात, त्यांत लहान मुलं घेतलेल्या बायाही असतात. ऐन थंडीत वाटेत शेतांत, शाळांच्या आवारात मुक्काम. आपण आज तंबू घेऊन जातो ते नवं वाटतं, पण लेकरांना काखोटीला मारून उघड्यावर रात्र काढणं आणि त्यात देव पाहणं इथल्या मातीत जुनंच आहे.

---

निरीश्वर

लेख आवडला, कोळ्यांचा भाग तर फारच. पण माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो.

मी देव मानत नाही. रतनगडाच्या पायथ्याशी, कळसूबाईच्या वाटेवर, मलाही अंगावर काटा आलाय. त्याला मी विस्मय म्हणतो आणि तिथेच थांबतो. माझी अडचण अशी, की 'देव जाणवला' म्हटलं की मोठी माणसं प्रश्न विचारायचं थांबवतात आणि मुलं त्यांच्याकडे बघून थांबतात. कोळ्याचे डोळे का चमकतात? त्यांच्या डोळ्याच्या तळाशी उजेड परत फेकणारा थर असतो, मंद उजेडातही शिकार दिसावी म्हणून. विजेरी तुमच्या डोळ्यांजवळ असेल तरच तो उजेड परत तुमच्याकडे येतो, हातात खाली धरली तर दिसणार नाही. हे कळल्यावर माझा आनंद दुप्पट होतो. मुलाला हे उत्तर मिळायला हवं. 'देवाची लीला' हे उत्तर मिळालं तर एक चांगला प्रश्न वाया गेला.

---

रानजाई

निरीश्वर, विजेरी कपाळाला असल्यामुळेच दिसलं, हे मला आत्ता कळतंय. धाकट्याला लगेच वाचून दाखवलं. तो आता घरभर विजेरी वेगवेगळ्या उंचीवर धरून मांजरीचे डोळे तपासतोय.

तुमची काळजी मला पटते. आमच्याकडे काय झालं ते सांगते. त्याने तेव्हाच आजीला विचारलं होतं, डोळे का चमकतात. सासूबाई म्हणाल्या, "मला नाही माहीत. बाबाला विचार, आणि तो काय सांगतो ते मलाही येऊन सांग." म्हणजे प्रश्न थांबला नाही, आजीकडून पुढे सरकला. त्यांची श्रद्धा अशी आहे. उत्तर कळल्यावरही त्या नमस्कार करतील याची मला खात्री आहे, आणि तुम्ही करणार नाही याचीही. मला दोघंही त्या खाचरात शेजारी बसलेले चालतील.

गोदाकाठ काका, गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, भीती वजा झाली असती हे अगदी खरं.

---

आभाळवेडा

अंतरं बरोबर आहेत, फक्त 'साधारण' हा शब्द धरून ठेवा, थोडं इकडेतिकडे होतं.

आणखी एक भर. त्याच आकाशात रोहिणीच्या थोडं वर कृत्तिका असतात. त्यांचा उजेड सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. साल्हेरची लढाई १६७२ ची, तो उजेड तेव्हा वाटेतच होता. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा, अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी फिकट डागासारखी दिसते, ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या गोष्टींतली सगळ्यांत दूरची. माझ्या आईला ती दाखवली तेव्हा तिने मला विचारलं, "तिकडून आपण दिसत असू का?" मी कितीतरी माणसांना ती दाखवली आहे, इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. तिकडून बघणाऱ्याला आपण दिसणारच नाही, पोचेल तो २५ लाख वर्षांपूर्वीचा उजेड, आणि तेव्हा आपल्यासारखा माणूस अजून घडायचा होता.

आकाशगंगेचा भरगच्च पट्टा पाहायचा तर एप्रिल-मे मध्ये मध्यरात्रीनंतर बघा. नाशिक शहराचा उजेड आता बराच लांबून क्षितिजावर दिसतो, त्यामुळे डोंगर आडवा येईल अशी जागा निवडा.

---

कळवणची लेक

सगळ्यांचं वाचलं. मी कोकणा आदिवासी आहे, आमचा पाडा कळवण तालुक्यात. मला थोडं लिहायचंय.

तुम्ही सगळे 'रानात जाऊन' काय वाटलं ते लिहिताय. आम्ही तिथेच राहतो. आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो. कळवण, बागलाण, सुरगाणा, पेठ या बाजूला पाड्यापाड्यांवर. व्रत धरणाऱ्यांना माउल्या म्हणतात. ते दिवस ते घरी झोपत नाहीत, खाण्यापिण्याचे नियम पाळतात, गावोगाव नाचत फिरतात. पावरी वाजते. बांबू आणि भोपळ्याचं वाद्य आहे ते, त्याचा आवाज रात्री दरीतून लांबवर जातो. पौर्णिमेला डोंगरावर जाऊन सांगता होते. धान्याची देवी कणसरी, तिचं नाव घेतलं जातं, पिकाचं, गुराढोरांचं, पाण्याचं मागणं मागितलं जातं.

माझे वडील कधी म्हणाले नाहीत की डोंगरावर गेल्यावर देव जाणवतो. डोंगर हाच देव. त्याच्यावरून पाणी येतं, त्याच्यावर गवत येतं, औषध येतं, आणि तो कोपला तर दरड येते. त्यामुळे आमच्यात डोंगराबद्दल प्रेम आहे तसा धाकही आहे. लहानपणी आम्हाला ओढ्याच्या उगमापाशी मोठ्याने बोलू देत नसत. तिथे चप्पल घालून गेलं की आजी रागवायची.

आणि आता तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्या येतात, मोठ्या आवाजात गाणी लावतात, बाटल्या फोडतात. काचा आमच्या गुरांच्या खुरांत जातात. मी हे चिडून लिहीत नाही, मला वाईट वाटतं. रानजाईताई, तुम्ही विचारून, पैसे देऊन, दिवे घालवून राहिलात हे मला फार आवडलं. मुलांना तारे दाखवाल तसं ज्याच्या शेतात राहिलात त्याच्या देवाबद्दलही विचारा, एवढंच सांगते. तिथले लोक सांगतील. कुणी विचारतच नाही.

---

गोदाकाठ

लेकी, तू लिहिलंस ते सगळ्यांनी दोनदा वाचावं.

---

पायवाट

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्याच अनुषंगाने काजव्यांबद्दल लिहिते.

मे अखेर ते पाऊस लागेपर्यंत घोटीवरून भंडारदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. काजव्यांचा उजेड हीच त्यांची एकमेकांना शोधायची खूण. नर लुकलुकतो, मादी त्याला उत्तर देते, आणि पंख फुटल्यावर आयुष्य उरतं दोन-तीन आठवड्यांचं. त्याआधीचा मोठा काळ ते अळीच्या रूपात ओलसर मातीत, गोगलगाई खाऊन काढतात. म्हणजे ज्या झाडाखाली आपण गाडी लावतो, पाचोळा तुडवतो, तिथेच पुढच्या वर्षीचे काजवे असतात. हेडलाइटच्या झोतात ती खूण दिसतच नाही.

आम्ही आता गर्दीच्या जागी जात नाही. त्र्यंबक, पेठच्या बाजूला ओढ्याकाठी जुनी झाडं राहिली आहेत, हिरडा, बेहडा, जांभूळ, तिथे ओळखीच्या घरी मुक्काम करतो. झाडं कमी, काजवेही कमी. पण एक फांदी पेटली की शेजारची, मग पलीकडचं झाड, असा उजेड सरकत जातो आणि परत येतो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिने आवाज एकदम खाली आणला आणि विचारलं, "आपण इथे असलेलं त्यांना चालतंय का?" मी त्या रात्रीपासून विजेरीला लाल कागद लावते.

जागेचं नाव इथे टाकत नाही, माफ करा.

---

निफाडवाली

तंबू, डोंगर ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी. माझे सासरे पंचाऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना घेऊन आम्ही नांदूरमध्यमेश्वरला जातो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा घातला आणि त्यामागे गाळ साचत साचत हे पाणथळ झालं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं, म्हणून ते जाहीर झालं. पहाटे जावं, सूर्य उगवायच्या आधी पाण्यावर पोचावं.

चक्रवाक बदकं हिवाळ्यात येतात, केशरी अंगाची जोडी-जोडीने. लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी वीण करून हिमालय ओलांडून इथे द्राक्षबागांच्या शेजारी उतरतात. सासऱ्यांचा सगळा जन्म कांदा आणि द्राक्षात गेला. ते दुर्बीण घेत नाहीत, नुसते ऐकतात. गेल्या खेपेला म्हणाले, "माझ्या शेतावरून हे आयुष्यभर गेले असतील, मी मान वर केली नाही." मग खिशातली जपमाळ हातात घेतली आणि तिथेच बाकावर बसून जप केला. ऊन चढेपर्यंत आम्ही त्यांना उठवलं नाही.

---

नवखी आई

मुलगा चार वर्षांचा आहे. हे सगळं वाचून जावंसं वाटतंय, पण बिबट्या, साप यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

---

सह्यकडा

भीती योग्य आहे, ती ठेवूनच जा. वस्तीजवळ, ओळखीच्या शेतकऱ्याच्या जागेवर राहा. राखीव जंगलात किंवा किल्ल्यावर मुक्काम करायचा तर आधी वनखात्याला विचारा. मूल अंधारात एकटं सोडायचं नाही, लघवीलाही मोठं माणूस सोबत. उरलेलं अन्न बाहेर ठेवायचं नाही, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून तळ आणि चेन असलेलाच तंबू, आणि चेन कायम बंद. बूट सकाळी झटकून घालायचे. जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष असतं का, हे निघायच्या आधीच विचारून ठेवा. पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात तंबू कधीच नाही, पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी खाली तुमच्यापर्यंत येतं.

चार वर्षांच्या मुलासाठी पहिली रात्र घराच्या गच्चीवर काढा. अंधाराची ओळख तिथेच होऊ दे.

---

निरीश्वर

कळवणची लेक, तुमचा प्रतिसाद काल रात्रीपासून डोक्यात आहे. उगमापाशी मोठ्याने बोलू नये, चप्पल घालू नये, या नियमांनी तो झरा राखला गेला. मी 'देव' म्हटलं की प्रश्न थांबतात असं लिहिलं होतं. तुमच्या आजीच्या देवाने पाणी राखलं, हेही मला आता त्याच्या शेजारी मांडून ठेवावं लागेल. देव मी अजूनही मानत नाही. पण मला तो उत्सव बघायचा आहे, मुलीला घेऊन. बाहेरच्यांनी आलेलं चालतं का?

---

कळवणची लेक

चालतं. पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. आधी पाड्यावरच्या कुणाशी तरी बोलून या. माउल्या नाचत असतील तिथे चपला बाहेर काढायच्या, त्यांच्या मधून जायचं नाही, फोटो काढायचा तर विचारून. दारू पिऊन आलेल्याला उभं करत नाहीत. थंडी खूप असते, दोन घोंगड्या आणा. तुमची मुलगी केवढी आहे? आमच्याकडे त्या वयाच्या पोरी रात्रभर जाग्या असतात, तिला सोबत मिळेल.

---

रानजाई

आम्हालाही यायचंय. सासूबाई विचारतायत, गुडघ्यांचा त्रास आहे, गाडी कुठपर्यंत येते?

---

कळवणची लेक

गाडी पाड्यापर्यंत येते. आजींना डोंगर चढायची गरज नाही, नाच खाली खळ्यावरही होतो. वरची सांगता बाकीच्यांनी बघा, त्या माझ्या आईपाशी बसतील. मार्गशीर्ष लागला की इथेच निरोप टाका, मी कुठल्या रात्री यायचं ते विचारून सांगते.